कुलूप बदलले, किल्ली जुनीच

रायपूरच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाची वास्तू आहे. छत्तीसगडाशी मराठी माणसाचा संबंध काही आजकालचा नव्हे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपूरवर चालून आले. पुढे १७५८ ते १७८७ या काळात बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहत होते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले. राज्य गेले, पण माणसे राहिली. रायपुरातील तात्यापारा हा भाग मराठी वस्तीसाठी आजही ओळखला जातो. १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू करणारे आणि पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेणारे माधवराव सप्रे हेदेखील मराठी घरातलेच. १९२६ साली त्यांचे देहावसान झाले ते रायपुरातच.

पिढ्यान् पिढ्या येथे रुजलेल्या या घरांतील मुले आता पुण्यात, बंगळुरात, तर कोणी सातासमुद्रापलीकडे आहेत. आंतर्देशीय पत्राची जागा ई-मेलने घेतली, त्यासही आता बराच काळ लोटला. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा ज्यांनी पन्नाशी ओलांडलेली नव्हती अशी मंडळी आज ज्येष्ठ नागरिक आहेत. त्यांच्यापैकी अनेकांच्या टेबलावर अजूनही संगणक आहे आणि त्या संगणकात आउटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा टपालाचा प्रोग्रॅम आहे. नातवंडांची छायाचित्रे, मुदतठेवीच्या पावत्या, आयकराची विवरणपत्रे, बँकेची मासिक खातेपत्रके, सारे त्यात वर्षानुवर्षे साठत गेलेले असते. मोबाइलच्या चिमुकल्या पडद्यापेक्षा हे दप्तर त्यांना अधिक भरवशाचे वाटते आणि त्यात वावगे काहीच नाही.

असे एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. सकाळी प्रोग्रॅम उघडला की छोटी चौकट येते : पासवर्ड द्या. पासवर्ड दिला जातो. क्षणभराने तीच चौकट पुन्हा येते. काळजीपूर्वक, एकेक अक्षर पाहत पुन्हा दिला, तरी पुन्हा तेच. दुपारपर्यंत गृहस्थांना आपल्या स्मरणशक्तीविषयीच शंका येऊ लागते. वयाच्या सत्तरीत ही शंका फार बोचते, आणि बहुतेक वेळा ती अनाठायी असते.

दोष कोणाचा, हे आधी ठरवावे

पहिली कसोटी अगदी सोपी आहे. संगणकावरील ब्राउझर उघडून, ई-मेल सेवेच्या संकेतस्थळावर जाऊन, त्याच पासवर्डने आत जाता येते का ते पाहावे. जाता आले, तर स्मरणशक्ती शाबूत आहे, पासवर्ड बरोबर आहे, आणि बिघाड प्रोग्रॅम व सेवा यांच्यामधल्या बोलण्यात आहे. जाता आले नाही, तर प्रोग्रॅमशी झटापट करण्यात अर्थ नाही. खातेच पूर्ववत करून घ्यावे लागेल. ही कसोटी न लावता तासन् तास सेटिंग बदलत बसणारे पुष्कळ आढळतात. बँकेत पैसे निघाले नाहीत तर आधी खात्यात शिल्लक आहे का हे पाहतात, यंत्राचे झाकण उघडत नाहीत, तसेच हे.

दुसरे म्हणजे पडद्यावरील संदेश शेवटपर्यंत वाचावा. ‘सर्व्हरशी संपर्क होऊ शकला नाही’ आणि ‘ओळख पटली नाही’ ही दोन सर्वस्वी भिन्न उत्तरे आहेत. पहिल्यात दार सापडलेलेच नाही; दुसऱ्यात दार सापडले, पण पहारेकऱ्याने आत घेतले नाही. पत्रे येतात पण जात नाहीत, असेही घडते. कारण येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाचे सर्व्हर वेगळे असतात आणि दोहोंसाठी पासवर्ड स्वतंत्रपणे साठवलेला असतो. एक बदलला व दुसरा तसाच राहिला, एवढेच पुष्कळदा कारण निघते.

मुखत्यारपत्राची नवी रीत

तथापि गेल्या काही वर्षांत या तक्रारीचे सर्वांत मोठे कारण वेगळेच आहे, आणि ते घरबसल्या उमगण्यासारखे नाही. कुलूपच बदलले गेले आहे.

ई-मेलची मूळ व्यवस्था विश्वासावर उभी होती. पत्र पाठविण्याचा जो संकेत १९८२ साली ठरला, त्यात पाठविणाऱ्याची ओळख पटविण्याची सोयच नव्हती. ती १९९९ मध्ये जोडली गेली. मग बरीच वर्षे अशी रीत होती की, प्रोग्रॅमने वापरकर्त्याचा पासवर्ड आपल्यापाशी ठेवायचा आणि दर काही मिनिटांनी तो सर्व्हरला सादर करायचा. म्हणजे टपाल आणायला जाणाऱ्या गड्याच्या हाती घराच्या, तिजोरीच्या, कपाटाच्या साऱ्या किल्ल्यांचा जुडगा द्यावा तसे. तो जुडगा वाटेत कोणी लांबवला तर सर्वस्व गेले.

नव्या रीतीत जुडगा दिला जात नाही. प्रोग्रॅम एक खिडकी उघडतो, त्या खिडकीत सेवेचे स्वतःचे पान येते, खातेदार तेथे ओळख पटवितो, आणि सेवा त्या प्रोग्रॅमला एक मर्यादित अधिकारपत्र देते : टपाल वाचावे, पाठवावे, याखेरीज काही नाही. बँकेच्या भाषेत हे विशिष्ट कामापुरते मुखत्यारपत्र होय. देणाऱ्यास ते केव्हाही रद्द करता येते आणि मूळ सही कोणाच्या हाती पडत नाही. या पद्धतीस ओऑथ असे नाव असून तिची दुसरी आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

अडचण अशी की, जुनी रीत एकाएकी बंद झाली नाही; वेगवेगळ्या सेवांनी ती वेगवेगळ्या वेळी बंद केली. गुगलने वैयक्तिक जीमेल खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून केवळ नाव-पासवर्डावर प्रवेश देणे थांबविले. मायक्रोसॉफ्टने कार्यालयीन खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून जुनी रीत मोडीत काढण्यास सुरुवात केली आणि वैयक्तिक आउटलुक व हॉटमेल खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ ही तारीख ठरविली. त्यामुळे शेजाऱ्याचे टपाल सुरळीत आणि आपले मात्र बंद, असे चित्र दिसते. पासवर्ड बरोबर असूनही प्रोग्रॅम तो नाकारला गेल्याचे सांगतो आणि बिचारा पुन्हा तोच मागतो. त्याला दुसरे काही विचारताच येत नाही.

उपाय कठीण नाही. थंडरबर्डमध्ये खात्याच्या सेटिंगमधील सर्व्हर सेटिंगमध्ये ओळख पटविण्याची पद्धत निवडण्याची जागा आहे. तेथे ‘नॉर्मल पासवर्ड’ असेल तर ते बदलून ‘ओऑथ२’ करावे. हाच बदल जाणाऱ्या टपालाच्या सर्व्हरसाठी पुन्हा, स्वतंत्रपणे करावा. हे दुसरे काम हमखास विसरले जाते. त्यानंतर गोपनीयता व सुरक्षा या विभागातील साठवलेल्या पासवर्डांची यादी उघडून त्या खात्याच्या जुन्या नोंदी काढून टाकाव्यात आणि प्रोग्रॅम बंद करून पुन्हा सुरू करावा. याच विभागात कुकीज स्वीकारण्याची अनुमती आहे ना, हेही पाहावे. अतिसावध गृहस्थ ती बंद करून ठेवतात आणि मग ओळख पटविण्याची खिडकी कोरी राहते किंवा पुन्हा पुन्हा उघडते.

आउटलुकची २०१० ची आवृत्ती ही नवी पद्धत जाणतच नाही. ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी सेटिंगमध्ये कितीही खटपट केली तरी मायक्रोसॉफ्टचे खाते तिच्यात उघडणार नाही. नवी आवृत्ती घेणे किंवा विनामूल्य मिळणाऱ्या थंडरबर्डकडे वळणे हाच मार्ग. जीमेलच्या बाबतीत मात्र एक पळवाट आहे. खात्यास दुहेरी ओळख पडताळणी लावली की जुन्या प्रोग्रॅमसाठी सोळा अक्षरांचा स्वतंत्र ‘अ‍ॅप पासवर्ड’ काढता येतो. परंतु मूळ पासवर्ड बदलताक्षणी असे सर्व अ‍ॅप पासवर्ड रद्द होतात. पुण्याच्या चिरंजीवांनी ‘बाबा, सुरक्षिततेसाठी पासवर्ड बदला हो’ असे सांगावे, बाबांनी तो लगेच बदलावा, आणि दुसऱ्या दिवसापासून रायपूरचे टपाल बंद पडावे, यामागील इंगित हे.

किरकोळ वाटणारी कारणे

जुन्या संगणकाच्या आत बटनाएवढा एक सेल असतो. तो संपला की संगणकाचे घड्याळ मागे पडते, कधी काही वर्षांनी मागे. सर्व्हर आपली ओळख म्हणून जे प्रमाणपत्र दाखवितो त्यावर मुदतीच्या तारखा असतात. संगणकाला वाटते की ही मुदत अद्याप सुरूच झालेली नाही, म्हणून तो संपर्क तोडतो. अल्प किमतीच्या सेलने हा प्रश्न सुटतो. काही अँटिव्हायरस प्रोग्रॅम टपाल तपासण्यासाठी मध्ये उभे राहून सर्व्हरऐवजी स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतात, त्यानेही गोंधळ होतो. घरातील जुना मोबाइल किंवा टॅब्लेट कपाटात चालू स्थितीत असेल आणि त्यात जुना पासवर्ड असेल, तर तो मुकाट्याने चुकीचे प्रयत्न करीत राहतो आणि सेवा संशयाने खाते काही काळ अडवून धरते. दोष संगणकाचा नसतो, शिक्षा मात्र त्याला होते.

वैतागून प्रोग्रॅममधील खाते काढून टाकावे आणि नव्याने बसवावे, असा सल्ला पुष्कळजण देतात. तो घाईने मानू नये. टपाल ‘पॉप’ पद्धतीने उतरविले जात असेल, तर जुनी पत्रे सर्व्हरवर नसून केवळ त्या संगणकातच असण्याचा संभव मोठा. खाते काढताना ती गेली, तर दहा-पंधरा वर्षांचे दप्तर गेले. थंडरबर्डचा प्रोफाइल फोल्डर किंवा आउटलुकची पीएसटी फाइल आधी पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी, मगच हात लावावा.

संस्थांची अडचण याहून बिकट असते. मंडळे, वाचनालये, गृहनिर्माण संस्था यांचे ई-मेल खाते एखाद्या उत्साही कार्यवाहांनी कधीकाळी स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते. कार्यकारिणी बदलते, कार्यवाह मुलाकडे राहायला जातात, आणि ओळख पडताळणीचा सांकेतिक क्रमांक भलत्याच गावी वाजतो. क्वचित तो क्रमांक दुसऱ्याच कोणाच्या नावे गेलेला असतो. बँकेत पदाधिकारी बदलले की ठराव करून सह्यांचे नमुने बदलतात. ई-मेल खात्याचा ताबाही त्याच बैठकीत हस्तांतरित व्हायला हवा. गुगल खात्यासाठी दहा राखीव सांकेतिक क्रमांक काढून ठेवता येतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते छापून संस्थेच्या कपाटात ठेवावेत. आणखी एक गोष्ट : सलग दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक गुगल खाती हटविण्याचे धोरण डिसेंबर २०२३ पासून अमलात आले आहे. तेव्हा ‘राहू दे, पुढे पाहू’ म्हणणाऱ्याने ही मुदत लक्षात ठेवावी.

बँकेच्या दृष्टीने

टपाल बंद पडल्याचे नुकसान केवळ कौटुंबिक नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांबाबत ग्राहकाच्या दायित्वाचा नियम घालून दिला. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही अशा प्रसंगी, बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास ग्राहकावर काहीच भार पडत नाही. चार ते सात दिवस लागल्यास मर्यादित भार पडतो. सूचना मिळणे आणि सूचना वाचली जाणे यांत अंतर पडू नये, यासाठी टपालाचे दार उघडे असणे आवश्यक आहे. ते बंद असेल तितके दिवस एसएमएसवर बारकाईने लक्ष ठेवावे, आणि खात्यास नोंदविलेला मोबाइल क्रमांक चालू आहे ना, हे पाहून घ्यावे.

नेमक्या याच काळात माणूस फसण्याचा धोका अधिक असतो. ‘आपल्या मेलबॉक्सचा पासवर्ड संपुष्टात आला आहे, येथे क्लिक करा’ अशी पत्रे नेहमीच येत असतात. एरवी दुर्लक्ष करणारा गृहस्थ, खरोखरच लॉगिन होत नसताना, त्यावर चटकन विश्वास ठेवतो. महाजालावर शोधून सापडलेला ‘कस्टमर केअर’चा क्रमांक हा दुसरा सापळा. पलीकडचा गोड आवाज संगणक दुरून हाताळण्याचे अ‍ॅप उतरवून घेण्यास सांगतो. अशा अ‍ॅपच्या गैरवापराविषयी रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. ई-मेलच्या दुरुस्तीसाठी एटीएम पिन, ओटीपी किंवा युपीआय पिन कोणासही लागत नाही. त्याची विचारणा झाली की फोन ठेवावा. पैसे गेल्याचे लक्षात आल्यास बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर त्वरित कळवावे. रिझर्व्ह बँकेने बँकांना आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘बँक डॉट इन’ या क्षेत्रनामावर नेण्यास सांगितले होते. बँकेच्या नावाने आलेल्या पत्रातील दुवा कोठे नेतो, हे पडताळताना त्याचा उपयोग होतो.

दुरुस्ती झाल्यावर स्वतःच्याच पत्त्यावर एक पत्र पाठवून पाहावे, म्हणजे येणारे आणि जाणारे असे दोन्ही मार्ग एकाच वेळी तपासले जातात. मग संगणक बंद करून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावे, कारण नुसती खिडकी बंद करून उघडल्याने अधिकारपत्र नीट साठवले गेले की नाही ते कळत नाही. जुने खाते परत मिळालेच नाही आणि नवा पत्ता घ्यावा लागला, तर ओळखीच्या कागदपत्रांसह शाखेत जाऊन बँकेच्या दप्तरी ई-मेलचा पत्ता बदलून घ्यावा. त्याच फेरीत मुदतठेवी, लॉकर आणि निवृत्तिवेतनाच्या खात्यांवरही तोच जुना पत्ता आहे का, हे काउंटरवर विचारून घ्यावे.