शिकवायला शिकलेल्या मुलीचे पुढे काय होते?

बारावीचा निकाल लागला की खेड्यातल्या कितीतरी घरांत एकच विषय निघतो. पोरगी म्हणते, मला मास्तरीण व्हायचे आहे. बाप गप्प बसून मनात हिशेब मांडतो. खताची उधारी, सोसायटीचा हप्ता, धाकट्याची वह्या-पुस्तके. आई विचारते, "दोन वर्षे शिकून नोकरी नाही लागली तर? वय का थांबणार आहे?" वाचकहो, हा प्रश्न तुमच्या घरातही आला असेल. नसेल आला तर येईल. म्हणून आज त्याचे उत्तर शोधू या. तेही कुणाच्या ऐकीव गोष्टींवरून नव्हे, तर शिकवायचे शिक्षण घेऊन बाहेर पडलेल्यांचे पुढे खरोखर काय झाले, त्यावरून.

आधी ठाण्याच्या कोलशेतकडे पाहा. खाडीकाठचे हे आगरी-कोळ्यांचे जुने गाव. भाताची खाचरे आणि खाडीतली मासळी यांवर घरे चालत. पुढे गावाच्या हद्दीत सँडोझसारखा मोठा कारखाना आला. १९८२ साली ठाणे महानगरपालिका झाली आणि गाव शहरात आले. कारखानाही कायमचा राहिला नाही. त्याच्या जागेवर उंच उंच इमारती उभ्या राहिल्या. जमीन एकदा गेली की ती परत येत नाही, हे खाडीकाठच्या लोकांना कुणी सांगायला नको. लेकीने मिळवलेली विद्या मात्र कुणी मोजणी करून काढून घेऊ शकत नाही. म्हणूनच शेत कमी होत चाललेल्या घरांत 'मुलीला शिकवू या' हे बोलणे अधिक होते. पण शिकवायचे म्हणजे काय शिकवायचे आणि कुठवर, इथे गाडी अडते.

एका प्रमाणपत्राची गोष्ट

शिकवण्याचेही शिक्षण घ्यावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे नवी नाही. सावित्रीबाई फुले यांनी १८४८ च्या सुमारास पुण्यात मुलींना शिकवायला सुरुवात केली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांनी नगरला मिस फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले होते, हे फारसे सांगितले जात नाही. नुसती तळमळ पुरत नाही. हात तयार असावा लागतो.

पण आज सविस्तर सांगायची आहे ती अनुताई वाघांची कहाणी. कारण त्यांचे मोठे काम झाले ते जुन्या ठाणे जिल्ह्यात, डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर. २०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला. त्याआधी कोलशेत आणि कोसबाड ही दोन्ही गावे एकाच जिल्ह्यातली होती.

अनुताईंचा जन्म १७ मार्च १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न झाले आणि सहा महिन्यांत वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीच्या नशिबी काय असे, ते तुमच्या घरातल्या वृद्धांना विचारा. चूल, माजघर आणि इतरांची बोलणी. अनुताईंच्या वाट्याला मात्र पुस्तक आले. १९२५ मध्ये त्या मराठी शाळेची फायनल परीक्षा पास झाल्या. १९२९ मध्ये पुण्यात त्यांनी प्राथमिक शिक्षिकेचे प्रमाणपत्र मिळवले. त्या वेळी त्या एकोणीस वर्षांच्या होत्या.

आता नीट पाहा. इथे गोष्ट संपली असती तर 'बाई शिकली, नोकरीला लागली' एवढेच झाले असते, आणि तेही काही थोडे नव्हते. १९२९ ते १९३३ त्यांनी नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड भागात शिकवले. मग पुण्याच्या हुजूरपागेत गेल्या आणि १९४४ पर्यंत तिथे राहिल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रीच्या शाळेत स्वतः शिकायचे. असे करत १९३७ मध्ये त्या मॅट्रिक झाल्या. बी.ए. व्हायला १९६१ साल उजाडले. तेव्हा वय होते एक्कावन्न. पहिल्या प्रमाणपत्रानंतर बत्तीस वर्षांनी!

या लेखातून एकच गोष्ट गाठीला बांधायची असेल तर ती ही. शिकवण्याचे प्रमाणपत्र म्हणजे शिक्षणाचा शेवट नव्हे, ती पेरणी आहे. पेरून घरी येऊन झोपणाऱ्याच्या शेतात काय उगवते, ते तुम्हाला मी काय सांगावे? ज्यांची आयुष्ये उभी राहिली, ती मंडळी प्रमाणपत्रानंतरही शिकत राहिली.

मुले शाळेत येईनात, म्हणून शाळा अंगणात गेली

१९४५ मध्ये बोरिवलीला ग्रामसेविकांचे एक शिबिर झाले. तिथे अनुताईंची ताराबाई मोडकांशी गाठ पडली. ताराबाईही शिक्षणातल्याच. त्या १९१४ च्या पदवीधर. राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाच्या त्या प्राचार्य होत्या. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचे काम केले. अशी बाई शहरातली प्रतिष्ठा बाजूला ठेवून बोर्डीला येऊन खेड्यातल्या मुलांसाठी बालवाडी काढायला निघाली होती. अनुताईही त्यांच्याबरोबर गेल्या.

बोर्डीला पहिला अनुभव कडूच होता. आदिवासी पाड्यांवरची मुले बालवाडीत येईनात. त्यांनी यावे तरी कसे? कुणाच्या कडेवर धाकटे भावंड, कुणाला गुरे राखायची, कुणाच्या घरी सकाळी पोटात घालायला काही नाही. दुसरा कुणी असता तर 'या लोकांना शिक्षणाची आवडच नाही' असे म्हणून मोकळा झाला असता. या दोघींनी तसे केले नाही. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा मुलांकडे जाईल, असे त्यांनी ठरवले. पाड्यावरच्या एखाद्या अंगणात मुले जमवायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, केस विंचरायचे, गाणी-गोष्टी सांगायच्या. अशी अंगणवाडी सुरू झाली. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला नाव दिले विकासवाडी. मोठ्या बहिणीने धाकट्याला पाळणाघरात ठेवावे आणि आपण वर्गात बसावे, इतका साधा आणि शहाणा विचार त्यामागे होता.

शिकवायचे साहित्य महागडे आणले नाही. चिंचोके, शिंपले, पाने, खडे, बिया हीच गणिताची आणि रंगांची सामग्री. जे मुलाच्या ओळखीचे, त्यातूनच त्याला पुढे न्यायचे. कोसबाडला नुसती मुलेच शिकली असे नाही, तर बालवाडी चालवणाऱ्या बायकाही तयार झाल्या. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. त्यानंतर अनुताईंनी हे काम १९९२ मध्ये स्वतःचा अंत होईपर्यंत सांभाळले. सरकारने ताराबाईंना पद्मभूषण आणि अनुताईंना पद्मश्री देऊन गौरवले.

आज तुमच्या गावात जी अंगणवाडी आहे, ती २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतली. पण अंगणात जाऊन मुलांना शिकवण्याची वाट त्याच्या कितीतरी आधी ठाणे जिल्ह्यातल्या पाड्यांवर पडलेली होती. आणि अंगणवाडीच्या ताईंना वर्षानुवर्षे मिळाले ते मानधन, पगार नव्हे, हेही विसरू नका. त्यांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला २०२२ साली सांगावे लागले. लहान मुलांना शिकवणारीचे मोल आपल्या समाजाने नेहमीच कमी केले आहे.

आपल्या काळातले उदाहरण

कुणी म्हणेल, ही जुन्या काळची मोठी माणसे. आजचे सांगा. तर सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचे नाव तुम्ही ऐकले असेल. ते आधी इंजिनिअरिंगला गेले होते. तिथे जमले नाही, तेव्हा वडिलांच्या सांगण्यावरून शिक्षकाच्या अभ्यासक्रमाला आले. २००९ मध्ये माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा शाळेची जागा गोठ्याला लागून होती. त्यांनी पुस्तकांवर क्यूआर कोड छापून मुलांना कविता आणि धडे मोबाईलवर ऐकायची सोय करून दिली. २०२० मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. जिथे अपयशाने पोरगा खचला असता, तिथे वडिलांनी 'आता शेतात ये' म्हटले नाही, हे आपण लक्षात ठेवायचे.

खरा हिशेब

पण मंडळी, सगळ्यांच्या वाट्याला पुरस्कार येत नाहीत. दुसरी बाजूही मांडली पाहिजे.

२००० साली शासनाने शिक्षणसेवक योजना आणली. पहिली तीन वर्षे प्राथमिक शिक्षकाला महिना तीन हजार रुपये. तरीही त्या दशकात डी.एड.ची कॉलेजे गावोगाव निघाली आणि घरोघरची मुले-मुली त्यांत गेली. मग २०१२ नंतर भरती जवळजवळ थांबली. २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी आली. डिसेंबर २०१७ मध्ये नोकरीसाठी अभियोग्यता चाचणी झाली. पुढची चाचणी व्हायला २०२३ उजाडले. डिसेंबर २०१७ मध्ये एकवीस वर्षांची असलेली मुलगी या मधल्या वाट पाहण्यात सव्वीस वर्षांची झाली. तिने या काळात काय केले, यावर तिचे आयुष्य ठरले. कुणी शिकवण्या घेतल्या, कुणी खाजगी शाळेत तुटपुंज्या पैशांवर राबले, कुणी पदवी पूर्ण केली, आणि कितीतरी जणींची प्रमाणपत्रे लग्नानंतर ट्रंकेच्या तळाशी गेली.

काहींनी आडवाट धरली. २०१९-२० च्या टीईटीत पैसे देऊन गुण वाढवल्याचे उघड झाले आणि २०२२ मध्ये सात हजारांहून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. म्हणजे पैसाही गेला, अब्रूही गेली आणि पुढची वाटही बंद झाली. 'इतके द्या, काम करतो' म्हणणारा माणूस दारात आला तर त्याला पाणीही विचारू नका.

फी भरण्यापूर्वी

म्हणून पाच गोष्टी आधी पाहा.

पहिली, मुलीला कोणत्या वर्गांना शिकवायचे आहे? पहिली ते पाचवीसाठी बारावीनंतरचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्यालाच पूर्वी डी.एड. म्हणत, आता डी.एल.एड. म्हणतात. या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. शेजारच्याच्या मुलीने केले म्हणून आपणही केले, असे करू नका.

दुसरी, कॉलेजला मान्यता आहे का? राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेची मान्यता पाहा आणि प्रवेश सरकारी प्रक्रियेतूनच घ्या. जिल्ह्याजिल्ह्यांत शासनाच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहेत. ठाणे जिल्ह्याची बदलापूरजवळ रहाटोलीला आहे. तिथे जाऊन समोरासमोर विचारा.

तिसरी, टीईटीचा अभ्यास पदविका हाती येईपर्यंत लांबणीवर टाकू नका, दुसऱ्या वर्षापासूनच सुरू करा. एकदा मिळवलेले पात्रता प्रमाणपत्र आता आयुष्यभर चालते.

चौथी, पैशांचा हिशेब दोन वर्षांचा नका करू, किमान पाच-सहा वर्षांचा करा. त्यात वाट पाहण्याची वर्षे धरा. नोकरी लागली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवकाचे मानधन. २०२३ पासून ते प्राथमिकला महिना सोळा हजार झाले. एवढ्यावर फेडता येणार नाही असे कर्ज काढू नका. जमीन तर मुळीच विकू नका.

पाचवी, वाट पाहण्याच्या वर्षांत शिक्षण थांबू देऊ नका. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी राहून पदवी घेण्याची सोय देते. लग्नाची बोलणी करताना हीही अट घाला. देण्याघेण्याच्या अटी घालणाऱ्यांना ही एक अट जड जाऊ नये.

आणि नोकरी लागली म्हणजे पुस्तक मिटले, असेही नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ज्या शिक्षकांची निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक सेवा बाकी आहे, त्यांनाही दोन वर्षांत टीईटी पास व्हावे लागेल. केस पांढरे झालेल्या गुरुजींना पुन्हा अभ्यासाला बसावे लागणार, म्हणून खूप कुरकुर झाली आणि ती समजण्यासारखीही आहे. पण एक्कावन्नाव्या वर्षी बी.ए. झालेल्या बाईंना कुठल्या न्यायालयाने हुकूम दिला नव्हता.

तेव्हा, आयाबहिणींनो आणि शेतकरी बांधवांनो, मुलीला या वाटेला पाठवायचे की नाही, ते तुम्ही आणि तिने मिळून ठरवा. नोकरीची हमी कुणीही देऊ शकत नाही. देतो म्हणणारा खोटे बोलतो. पण मुलांत रमणारी, स्वतः शिकायची हौस असणारी मुलगी असेल, तर तिला अडवू नका. पहिल्या वर्षी पीक आले नाही म्हणून आपण शेत टाकून देत नाही. नांगरतो, खत घालतो, पुन्हा पेरतो. लेकीच्या शिक्षणालाही तेवढाच धीर द्या.