अकरा कोड आणि एक पट्टी

अंजनगाव सुर्जीहून परतवाड्याला निघालो होतो. पथ्रोट यायच्या आतच बाबांच्या गाडीचा डॅशबोर्ड दिवाळीसारखा उजळला. इंजिन, एबीएस, एअरबॅग, सगळे दिवे एकदम! स्टिअरिंग दगडासारखं जड. गाडी बाजूला घेऊन बंद केली, दहा मिनिटांनी चालू केली, तर एकही दिवा नाही.

इथून आमचा दीड महिन्याचा छळ सुरू झाला.

पहिल्या गॅरेजात स्कॅनर लावला. अकरा कोड निघाले. एका कोडवरून एबीएसचा सेन्सर बदलला. चार दिवस गाडी नीट चालली, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याने बॅटरी बदलली. तिसरा म्हणाला, "ईसीएम गेलं. चाळीस हजार धरून चला." बाबा गप्पच. संत्र्याचे आलेले पैसे माझ्या होस्टेलसाठी ठेवले होते.

शेवटी गावातल्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांकडे गेलो. त्यांनी स्कॅनर काढलाच नाही. "काय काय बदललं ते सांग पहिले. अन् एसी, हेडलाइट लावले का जास्त होते काय?"

होत होतं!

"मंग मोजून पाहू ना बाप्पा."

मल्टीमीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिनच्या धातूवर ठेवून त्यांनी मला सेल मारायला सांगितलं. आकडा दोन व्होल्टच्या वर गेला. तो अर्ध्या व्होल्टच्या आत राहायला हवा. इंजिनला बॉडीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजली होती. जागा घासून नवी पट्टी बसवली. खर्च दोनशे रुपये.

एवढ्याशा पट्टीने अकरा कोड कसे? जुन्या गाडीत प्रत्येक दिव्याला आपली वायर, आपला स्विच. आता इंजिन, ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग यांचे वेगवेगळे छोटे कॉम्प्युटर दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. 'कॅन' नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली. अर्थिंग कमजोर झालं की व्होल्टेज पडतं आणि जो तो कॉम्प्युटर आपापली तक्रार नोंदवतो. म्हणजे स्कॅनर खोटं बोलला नव्हता. गडबड कोणत्या सर्किटमध्ये दिसली, एवढंच कोड सांगतो. सेन्सर गेला, कनेक्टर सैल झाला की उंदराने वायर कुरतडली, हे मोजूनच शोधावं लागतं.

मग सगळा दोष मेकॅनिकचाच का? तसंही नाही. वायरिंगचा नकाशा आणि कंपनीचं सॉफ्टवेअर हाती नसेल, तर छोटा गॅरेजवाला अंदाजानेच पार्ट बदलणार. सुटे भाग आणि तपासणीची साधनं बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देण्यावरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींहून अधिक दंड ठोठावला होता. कंपन्या त्याविरुद्ध दाद मागायला गेल्या. आपल्यासारख्यांची गाडी मात्र रस्त्यातच उभी राहते.

म्हणून घरची गाडी अशी रुसली, तर दोन गोष्टी करा. बिघाड कधी होतो ते लिहून ठेवा: थंड असताना, पावसात की एसी लावल्यावर. आणि कुणी महागडा पार्ट बदलायला सांगितला, तर नम्रपणे विचारा, "भाऊ, मोजून पाहिलं काय?"

निघताना काकांना विचारलं, तुमच्याकडे स्कॅनर नाही का?

"आहे ना! पण पहिले बॅटरी, मंग अर्थिंग, मंग फ्यूज. त्याच्यात नाही सापडलं, तं मंग त्याले इचारतो."