सुटींतील नानकटाई

कालिदासानें ऋतुसंहाराचा आरंभ ग्रीष्मापासून केला, हें आम्हां शिक्षकांस विशेष रुचतें. सुटीचाच तो ऋतु! पण घर मुलांनीं भरलें, कीं गृहिणीचा वैशाख चुलीपुढें जातो. या दृष्टीनें घरीं पीठ तयार करून बेकरींत नानकटाई भाजून आणण्याची जुनी चाल मोठ्या शहाणपणाची वाटते.

थिजलेलें तूप व पिठीसाखर परातींत पांढरीं शुभ्र होईपर्यंत फेसावीं. मग मैदा, थोडें बेसन, रवा व वेलदोड्याची पूड मिसळावी. फेसतांना तुपांत हवा कोंडते; तीच खुसखुशीतपणा आणते. तूप पातळ असल्यास गोळे पत्र्यावर पसरतात. पाव निघाल्यावर निवत चाललेली भट्टी या मंद भाजणीस उत्तम. फेसण्यानें हात भरून येतात, म्हणून तें काम क्रिकेटचा सामना पाहत बसलेल्या तरुण मुलग्यांकडे द्यावें. त्यांचे हात रिकामेच असतात!

सामन्याच्या वेळीं पुरुषमंडळी घटकेघटकेला कॉफी मागतात, हें मात्र बरें नव्हे. १९८३ सालीं २५ जूनला लॉर्ड्सवर आपल्या संघानें १८३ धावाच केल्या, तरी वेस्ट इंडीजचा डाव १४० धावांत आटोपला. मदनलालच्या चेंडूवर कपिलदेवनें मागें धांवत रिचर्ड्सचा झेल घेतला, तो क्षण किती अल्प! त्या वेळीं सूनबाई कॉफी गाळीत असेल, तर तिनें काय पाहिलें? कॉफी एकदांच करून थर्मासांत भरावी, जायफळ किसतांना हात आखडूं नये, आणि सामना सुरू होतांच सूनबाईस पुढची खुर्ची द्यावी.