किसणीवर जन्मणारा झणका

हॉर्सरॅडिशचं मूळ हातात घेऊन कितीही हुंगा, नाकाला फारसं काही लागत नाही. बाहेरून मातकट आणि खरबरीत, आत पांढरं, लाकडासारखं घट्ट. तेच सोलून किसणीवर चार-सहा वेळा ओढलं की नाक झणाणून उठतं आणि डोळ्यांना धार लागते. हा झणका मुळात आधी नव्हताच! तो किसताना तयार झाला.

हे झाड मोहरीच्या कुळातलं. त्याच्या मुळात सिनिग्रिन नावाचं द्रव्य असतं आणि त्यापासून अलग ठेवलेलं मायरोसिनेज नावाचं विकर असतं. किड्याने मूळ कुरतडलं किंवा आपण ते किसलं की पेशी फुटतात, दोघांची गाठ पडते आणि अ‍ॅलिल आयसोथायोसायनेट जन्माला येतं. शत्रूसाठीचं हत्यार झाडाने असं सुटं करून ठेवलं आहे, ते हल्ला झाल्यावरच जोडलं जातं. लोणच्यासाठी मोहरी फेसणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. कोरड्या मोहरीला वास नसतो, पाणी घालून फेसली की ती नाकात चढते. कारण रेणू तोच.

इंग्लंडमध्ये रविवारच्या भाजलेल्या गोमांसाबरोबर या मुळाचा सॉस लागतोच. तो घरी करताना खरी गंमत व्हिनेगरची आहे. आम्ल पडलं की विकराचं काम थांबतं. किसल्याबरोबर व्हिनेगर घातलं तर सॉस सौम्य होतो. तीनेक मिनिटं थांबून घातलं तर जहाल. तिखटपणा जिन्नसाच्या मापावर नाही तर घड्याळावर ठरावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

चार मोठे चमचे कीस, एक मोठा चमचा व्हिनेगर, मीठ, चिमूटभर साखर, अर्धा छोटा चमचा मस्टर्ड आणि हलकं फेटलेलं दीडशे मिलिलिटर घट्ट क्रीम. एवढंच. किसताना खिडकी उघडी ठेवा. सॉस गरम मात्र करू नका: उष्णतेने विकर निकामी होतं आणि तयार झालेला झणकाही उडून जातो. क्रीम नुसतं चवीसाठी नसतं. हा रेणू स्निग्धात विरघळतो, म्हणून मारा मऊ होतो.

मिरचीशी तुलना केली की नवल आणखी वाढतं. मिरचीतलं कॅप्सायसिन उडत नाही, जिभेला चिकटून जाळत राहतं. हॉर्सरॅडिशचा रेणू वाफ होऊन घशामागून नाकात शिरतो, तिथल्या वेगळ्याच संवेदकांना डिवचतो आणि थोड्याच वेळात निघून जातो. मांसाचा पुढचा घास घ्यायला तोंड पुन्हा तयार!

व्हिएन्नात उकडलेल्या गोमांसासोबत हे मूळ किसलेल्या सफरचंदात मिसळतात, पोलंडमध्ये ईस्टरला बिटात. अमेरिकेत हेन्री हाइन्झने 1869 मध्ये धंदा सुरू केला तो याच किसाच्या बाटल्यांनी. भारतात आलेल्या इंग्रजांनी तर या चवीसाठी शेवग्याचं मूळ वापरलं. त्याचं अनुकरण मात्र नको, त्या मुळाच्या सालीत विषारी द्रव्यं असतात.

सॉस उरला तर घट्ट झाकणाच्या बरणीत घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि दोन-चार दिवसांत संपवावा. झणका रोज थोडा थोडा उतरत जातो, म्हणून एका जेवणापुरताच किसलेला बरा.