इस्लामचं उच्चशिक्षण कुठे घ्यावं? गैरसमज आणि वस्तुस्थिती

इस्लामचा पदवीपातळीवर अभ्यास करायचा आहे, असं एखाद्या मुलानं किंवा मुलीनं घरात सांगितलं, की मुस्लिम घरात वडीलधारं कुणीतरी ओळखीच्या मदरशाचं नाव सुचवतं आणि इतर घरांत ‘मौलवी व्हायचंय का?’ असा प्रश्न येतो. गोंधळ दोन्हीकडे एकच आहे. आलिम म्हणजे धर्मपंडित होणं आणि इस्लामचा अभ्यासक होणं या दोन वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही मानाच्या आहेत, दोन्हींवर माणसं आयुष्य खर्ची घालतात. पण एका वाटेवरची संस्था दुसऱ्या वाटेच्या मापानं जोखली, की निवड चुकते आणि कोवळ्या वयातली चार-पाच वर्षं हातची जातात. म्हणून संस्था नामांकित आहे का, हे पाहण्याआधी ती कशासाठी आहे, ते पाहायला हवं.

गैरसमज: मदरशात फक्त कुराण पाठ करून घेतात

वस्तीतल्या मशिदीशेजारचा मकतब आणि देवबंदचं दारुल उलूम यांत बालवाडी आणि महाविद्यालय यांच्याइतकं अंतर आहे. भारतातल्या बहुतेक मोठ्या मदरशांचा अभ्यासक्रम ‘दर्स-ए-निजामी’ या नावानं ओळखला जातो. लखनौच्या फिरंगी महलातले मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू 1748) यांच्यावरून हे नाव पडलं. त्यात अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, फिक्ह म्हणजे धर्मशास्त्रीय कायदा, तफसीर म्हणजे कुराणाचं भाष्य, आणि हदीस म्हणजे पैगंबरांच्या उक्ती-कृतींच्या नोंदी, असे विषय येतात.

देवबंदला (स्थापना 1866) शेवटच्या वर्षाला ‘दौरा-ए-हदीस’ म्हणतात. हदीसचे सहा प्रमाण संग्रह त्या वर्षात वाचले जातात. एक विद्यार्थी मोठ्यानं मूळ पाठ वाचतो, बाकीचे ग्रंथ उघडून ऐकतात, उस्ताद अडलेल्या जागी थांबवून उलगडा करतात. या छापील पाठांत जेर-जबरच्या, म्हणजे ऱ्हस्व स्वरांच्या, खुणा सहसा नसतात. शब्दाचा शेवट ‘उ’ की ‘अ’ हे वाचणाऱ्यानं व्याकरणाच्या बळावर ठरवायचं. कर्ता-कर्म कळलं नसेल तर पहिल्याच ओळीत उघडं पडतं. विद्यापीठातून एमए झालेल्या अनेकांना इतक्या सफाईनं मूळ ग्रंथ वाचता येत नाही, हे मोकळेपणानं मान्य करायला हवं.

गैरसमज: मदरसे सगळे सारखेच

देवबंद आणि बरेली दोन्ही सुन्नी आणि हनफी फिक्ह मानणारे, तरी त्यांच्यातले मतभेद शतकभराहून जुने आहेत. बनारसचा जामिया सलफिया अहले हदीस विचाराचा. लखनौत शिया मदरशांची स्वतंत्र परंपरा आहे. सूरतची अल-जामिया-तुस-सैफिया (1814) दाऊदी बोहरा समाजाची असून तिची एक शाखा आता मुंबईत मरोळलाही आहे. संस्था एखाद्या विचारधारेची असणं हा काही तिचा दोष नव्हे. तिनं ते लपवलं, तर मात्र आहे.

आपल्याकडे याचा थेट संबंध येतो तो कोकणात. कोकणी मुसलमान परंपरेनं शाफई आहेत, तर उत्तरेतल्या बहुतेक मदरशांत हनफी फिक्ह शिकवतात. रत्नागिरीचा मुलगा देवबंदहून शिकून आला, तरी गावातल्या लोकांचे नमाजाचे, वारशाचे, लग्नाचे प्रश्न शाफई मताप्रमाणे सोडवायचे तर त्याला तो अभ्यास वेगळा करावा लागतो. प्रवेश घेण्यापूर्वी हे विचारून घ्यावं.

गैरसमज: कामिल म्हणजे बीए आणि फाजिल म्हणजे एमए

उत्तर प्रदेश मदरसा मंडळाच्या कामिल आणि फाजिल या पातळ्या पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाच्या बरोबरीच्या म्हणून ओळखल्या जात होत्या. 5 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयानं त्या राज्याचा 2004 चा मदरसा शिक्षण कायदा वैध ठरवला, पण या दोन पदव्यांपुरता तो घटनाबाह्य ठरवला. कारण सरळ आहे: यूजीसी कायदा 1956 नुसार पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठांना आणि कायद्यानं तसा अधिकार मिळालेल्या संस्थांनाच आहे. मदरसे चालवण्यावर किंवा तिथल्या धार्मिक शिक्षणावर न्यायालयानं बंदी घातलेली नाही. निकालाची ही दुसरी बाजू बातम्यांच्या गदारोळात पुष्कळांच्या कानावरच आली नाही.

दारुल उलूमची सनद ही विद्वत्तेची पावती असते, समाजात तिला वजन असतं. पण सरकारी नोकरीच्या अर्जात तिचा आपोआप उपयोग होत नाही. मधला पूल मात्र आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठानं 2013 मध्ये मदरशातून आलेल्यांसाठी ब्रिज कोर्स सुरू केला. काही केंद्रीय विद्यापीठं ठरावीक मदरशांची प्रमाणपत्रं बीएच्या प्रवेशासाठी ग्राह्य धरतात. ही यादी प्रत्येक विद्यापीठाची वेगळी असते, म्हणून त्याच वर्षाचं माहितीपत्रक पाहावं. ‘आमच्या चुलतभावाला मिळाला होता’ एवढ्या आधारावर घर सोडू नये.

गैरसमज: विद्यापीठातलं ‘इस्लामिक स्टडीज’ म्हणजे मदरसाच, फक्त इंग्रजीत

हा फरक समजून घ्यायला अलीगढइतकं चांगलं ठिकाण नाही. एकाच विद्यापीठात सुन्नी दीनियात, शिया दीनियात आणि इस्लामिक स्टडीज असे तीन वेगळे विभाग आहेत. पहिल्या दोहोंत धर्माचा अभ्यास त्या त्या परंपरेच्या आतून होतो. तिसऱ्यात इस्लामचा इतिहास, समाज, तत्त्वज्ञान, सूफी पंथ, आधुनिक चळवळी हे इतर कुठल्याही मानव्यविद्येच्या शिस्तीत शिकवलं जातं. दिल्लीतल्या जामिया मिलिया आणि जामिया हमदर्दमध्ये, तसंच हैदराबादच्या मौलाना आझाद उर्दू विद्यापीठात इस्लामिक स्टडीजचे विभाग आहेत. हैदराबादला माध्यम उर्दू आहे. प्राध्यापक व्हायचं असेल तर यूजीसी-नेटमध्ये ‘अरब कल्चर अँड इस्लामिक स्टडीज’ हा विषय आहे.

या विभागांत शिकायला मुसलमान असण्याची अट नाही. मध्ययुगीन दख्खनचा, बहमनी-आदिलशाहीचा किंवा महाराष्ट्रातल्या दर्ग्यांचा अभ्यास करू पाहणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांनी ही वाट जास्त चोखाळायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज: जितकी जुनी संस्था, तितकी भरवशाची

कैरोच्या अल-अजहरचं उदाहरण घ्या. दहाव्या शतकात ती उभारली फातिमी खलिफांनी, म्हणजे इस्माइली शियांनी. आज ती सुन्नी जगतातली सर्वांत मान्यवर संस्था आहे. 1961 च्या कायद्यानं तिथे वैद्यक आणि अभियांत्रिकीसारख्या शाखा आल्या, मुलींच्या शिक्षणाची सोय झाली. नाव हजार वर्षांचं असलं, तरी आतली संस्था प्रत्येक शतकात बदलत गेली. त्याच 1961 साली स्थापन झालेलं मदिनेचं इस्लामी विद्यापीठ जगभरच्या विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती देतं. तिथला कल सलफी आहे. मलेशियाचं आंतरराष्ट्रीय इस्लामी विद्यापीठ (1983) इंग्रजीतून शिकवतं आणि धर्मविद्या व आधुनिक विषय एकत्र आणू पाहतं. परदेशातून पदवी आणायची तर भारतात तिची समकक्षता मिळेल का, ते निघण्याआधी तपासावं. यूजीसीनं त्यासाठी 2025 मध्ये नवे नियम केले आहेत.

गैरसमज: पाश्चात्त्य विद्यापीठांत इस्लामची बदनामीच शिकवतात

वसाहतकाळातल्या प्राच्यविद्येवर राज्यकर्त्यांच्या नजरेची छाया होती, हा आक्षेप खरा आहे. एडवर्ड सैद यांनी 1978 मध्ये तो ठामपणे मांडला आणि त्यानंतर हे क्षेत्र पुष्कळ बदललं. पण त्याआधीही अपवाद होते. लाहोरला अध्यापन केलेले विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी 1952 मध्ये कॅनडात मॅकगिल विद्यापीठाची इस्लामिक स्टडीज संस्था उभारली, ती मुस्लिम आणि बिगरमुस्लिम अभ्यासकांनी एकत्र बसून काम करावं म्हणूनच. कुराणातल्या संकल्पनांवर मूलगामी काम करणारे जपानी विद्वान तोशिहिको इझुत्सू तिथेच शिकवत.

दोन्ही वाटा एका माणसात भेटू शकतात, याचा दाखला म्हणजे जौनपूरचे मोहम्मद अक्रम नदवी. शिक्षण लखनौच्या नदवा या मदरशात, पुढे संशोधन ऑक्सफर्डच्या इस्लामिक स्टडीज केंद्रात. हदीस शिकवणाऱ्या स्त्रियांचा त्यांचा अरबी चरित्रकोश 43 खंडांचा आहे. धर्मविद्या हे पुरुषांचंच क्षेत्र, असं म्हणणाऱ्यांना अकराव्या शतकात मक्केत बुखारीचा हदीससंग्रह शिकवणाऱ्या करीमा अल-मरवजिया यांचं नाव सांगावं आणि मुलीला निर्धास्तपणे शिकायला पाठवावं.

गैरसमज: वेबसाइट चांगली म्हणजे संस्था चांगली

ऑनलाइन ‘डिप्लोमा’ देणाऱ्या संस्थांचं पीक आलं आहे. आवड म्हणून शिकायला हरकत नाही. पदवी म्हणून पैसे मागत असतील तर यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत नाव आहे का ते पाहा, आणि बोगस विद्यापीठांची यादीही चाळा. त्यापुढची परीक्षा तुम्हीच घ्यायची. अध्यापकांची नावं आणि त्यांचं शिक्षण उघडपणे दिलं आहे का? आठवड्याला अरबीचे तास किती? ग्रंथालयात मूळ अरबी-फारसी ग्रंथ आहेत, की नुसत्या भाषांतरित पुस्तिका? आपल्या मताविरुद्धची पुस्तकं अभ्यासक्रमात आहेत का? मागच्या काही वर्षांतले प्रबंध कुठल्या विषयांवर झाले? या प्रश्नांना जिथे टाळाटाळ होते, तिथे शुल्क भरू नका.

गैरसमज: यासाठी महाराष्ट्राबाहेरच जावं लागतं

पदवीसाठी बहुधा जावं लागेल. पण संशोधनाचं साहित्य घरातही आहे. असफ अली असगर फैजी यांचा जन्म 1899 मध्ये माथेरानचा. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य होते, नंतर इजिप्तमध्ये भारताचे राजदूत झाले. मुस्लिम कायद्यावरचं त्यांचं पुस्तक आजही न्यायालयांत आधाराला घेतात. अल-अजहर उभारणाऱ्या त्याच फातिमी खलिफांच्या काळातला ‘दआइम अल-इस्लाम’ हा कायदेग्रंथ त्यांनी संपादित केला. इस्माइली हस्तलिखितांचा आपला संग्रह त्यांनी मुंबई विद्यापीठाच्या ग्रंथालयाला देऊन टाकला. अरबी शिकून त्याकडे वळणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला करण्यासारखं तिथे पुष्कळ आहे.