सातबाऱ्यावरचे परदेशी नाव

अमेरिकेतून पुतण्याचा फोन आला. "काका, आईची खरी जन्मतारीख कोणती? आधारवर १ जून आहे." १ जून ही शाळेने लावलेली तारीख. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असताना मीही असे अनेक वाढदिवस लावून दिले आहेत! अमडापुरात त्याचे कुणाला काही वाटत नाही. वॉशिंग्टनच्या कागदावर मात्र वाटते.

पुतण्या आता तिथला नागरिक आहे. नव्या नोकरीसाठी त्याला सुरक्षा-मंजुरी हवी होती, म्हणून 'एसएफ-८६' नावाचा लांबलचक फॉर्म आला. त्यात आईवडील, भावंडे, सासूसासरे यांचे नागरिकत्व, पत्ता, नोकरी सारे भरायचे. काका त्या यादीत नाही. पण माया, प्रभाव किंवा बांधिलकीने जोडलेला आणि गेल्या सात वर्षांत जवळचा संपर्क असलेला परदेशी माणूस वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो. तिथे मी बसलो. आयुष्यभर चिखली तालुक्यात राहून मी परदेशी ठरलो, तेही सरकारी निवृत्तिवेतन घेणारा. कारण परदेशी सरकारशी संबंध आहे का, हाही प्रश्न तिथे आहेच.

मी कुतूहलाने नियम वाचले. ८ जून २०१७ पासून लागू झालेल्या निर्देशात १३ निकष आहेत. त्यातला दुसरा 'परकीय प्रभाव'. नातेवाईक परदेशी असणे हा गुन्हा मानलेला नाही. त्या माणसाला धरून उमेदवारावर दडपण आणता येईल का, आणि तसा प्रसंग आला तर तो कुणाची बाजू घेईल, हे तपासतात. देश कोणता, नातेवाइकाचे काम काय, उमेदवाराची मुळे तिथे किती खोल रुजली, हेही पाहतात. लपवाछपवी मात्र स्वतंत्र निकषाखाली अंगाशी येते.

आपल्याकडेही हे आहेच. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील नियम २१ प्रमाणे परदेशी व्यक्तीशी विवाह केल्यास सरकारला ताबडतोब कळवावे लागते. परराष्ट्र सेवेत तर कळवून भागत नसे. के. आर. नारायणन यांना ब्रह्मदेशच्या मा टिंट टिंट यांच्याशी १९५१ मध्ये लग्न करायला नेहरूंची खास परवानगी लागली; पुढे त्याच उषा नारायणन राष्ट्रपती भवनात राहिल्या. आणि पडताळणी फॉर्ममध्ये माहिती दडवण्याचे परिणाम काय, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सविस्तर सांगितले आहे.

आमचे घोडे अडले जमिनीवर. भाऊ गेल्यावर वारस नोंद झाली आणि सातबाऱ्यावर पुतण्याचे नाव चढले. परदेशी नागरिकत्व घेतलेल्याला इथे शेती विकत घेता येत नाही, वारसाने मात्र मिळते. फॉर्ममध्ये परदेशातील मालमत्ता विचारलेली. "हक्कसोडपत्र करून टाकू का?" तो म्हणाला. वहिनी दोन दिवस जेवल्या नाहीत. बापाचे नाव पुसून मिळणारी नोकरी कसली, हे त्यांचे म्हणणे. मला पोराची अडचणही दिसत होती.

त्याच निर्देशात एक सवलत आहे: परदेशी मालमत्ता इतकी किरकोळ असेल की तिच्यापायी हितसंबंधांचा संघर्ष उभा राहण्याची शक्यता नाही, तर ती उमेदवाराच्या बाजूने धरता येते. तिकडच्या त्याच्या घरापुढे आमचे कोरडवाहू रान म्हणजे काहीच नाही. मी त्याला ते कलम वाचून दाखवले आणि रेडी रेकनरचा दर कळवला. त्याने जमीन जशीच्या तशी लिहिली, आईची १ जूनही लिहून तिचे कारण जोडले.

निकाल अजून यायचा आहे. वहिनींनी सातबाऱ्याचा ताजा उतारा काढून देवघरात ठेवला आहे.