पेटीवरचं नाव कोणाचं?

गेल्या एप्रिलात रस्त्याकडेच्या एका गाड्यावरून ‘देवगड हापूस’ लिहिलेली पेटी घरी आणली. पेंढा बाजूला केला, तर तळाला अंथरलेला कागद कानडी वर्तमानपत्राचा. आंबा वाईट नव्हता. पण साल जाड, गर फिका, आणि पेटी उघडताच घरभर पसरतो तो वास नाही. कर्नाटकातल्या ज्या शेतकऱ्याने तो पिकवला, त्याच्या गावालाही पेटीवर जागा नव्हती.

कलम तेच असलं, तरी माती आणि हवा बदलली की फळ बदलतं. भौगोलिक मानांकन यासाठीच आहे. त्याचा कायदा 1999 चा, लागू झाला 2003 मध्ये. ऑक्टोबर 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला ते मिळालं. ट्रेडमार्क विकता येतो, गहाण टाकता येतो. मानांकनाचं तसं होत नाही. जांभ्या कातळात खड्डे फोडून कलमं जगवणाऱ्या सगळ्यांचं ते सामाईक आहे. खोटं मानांकन लावून माल विकणाऱ्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि 50 हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो.

मग रस्त्यावर हे सर्रास कसं चालतं? एक तर तक्रार करायला फारसं कोणी जात नाही. दुसरं, जिल्ह्याला मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक बागायतदाराला ते आपोआप लागू होत नाही. त्याने स्वतः अर्ज करून ‘अधिकृत वापरकर्ता’ म्हणून नोंद करावी लागते. हंगामाआधीच दलालाकडून उचल घेतलेला लहान बागायतदार या कागदांच्या वाटेला कधी जाणार? त्याचा आंबा वाशीच्या घाऊक बाजारात पोचला की तिथल्या ढिगात मिसळतो, आणि त्याची ओळख तिथेच पुसली जाते. माझ्या मते सरकारने खरा जोर लावायला हवा तो इथे, गावोगावी जाऊन नोंदणी करून देण्यावर.

आंब्याची ओळख अशी पुसली जाऊ नये म्हणून देवगडच्या बागायतदारांच्या संस्थेने 2025 च्या हंगामात फळाफळावर स्वतंत्र क्रमांकाचं स्टिकर आणलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

यंदा मी पेटी घेण्याआधी बाग कुठली आणि नोंदणी आहे का, हे विचारत फिरलो. दोघांनी उडवून लावलं. तिसऱ्याने सरळ बागायतदाराला फोन लावून माझ्या हातात दिला. पलीकडून पहिला प्रश्न आला, “किती दिवसांत खायचेत? त्या बेताने पेटी भरतो.”